हात काळे होण्याआधीची सही

सोमवार, ४ मार्च

विमान धावपट्टीवरून घसरलं! सकाळी साडेनऊला. सरावाचं उड्डाण, आत शिकाऊ पोरगी एकटीच. उतरताना डावं टायर फुटलं, विमान गर्रकन फिरलं आणि कडेच्या चिखलात नाक खुपसून थांबलं. तिच्या खांद्याचं हाड मोडलंय. जीव वाचला.

मी हँगरच्या दारात उभा होतो. तसाच धावत सुटलो.

मंगळवार, ५ मार्च

चौकशी बसली. सगळ्यांचं एकच — पोरीनं ब्रेक जोरात दाबला. टायरच्या चिंध्या झाल्यात. त्यात हवा किती होती, आता कोण सांगणार?

मी निदान एवढं सांगू शकतो, की मी ती मोजली नव्हती.

नियम असा — चाकं तपासून मी सही करायची, मग वैमानिकानं विमानाभोवती फेरी मारून, स्वतः बघून, माझ्या सहीखाली आपली करायची. मी मात्र आधी पानभर सह्या ठोकतो आणि मग हवा मोजत फिरतो. हात काळे झाले की कागद घाण होतो, साहेब ओरडतात, म्हणून! वर्षानुवर्षं हेच. काल मधेच स्टोअरमधून बोलावणं आलं. परत येतो तर विमान गेलेलं. सही स्वच्छ, ठसठशीत.

गुरुवार, ७ मार्च

पोरीला उड्डाणातून कायमची काढणार म्हणे. लहानपणापासून तिला दुसरं काही नकोच होतं. मला 'हवावाले मास्तर' म्हणते.

कामावरच्या जोडीदाराला सगळं सांगितलं. म्हणाला, निवृत्तीला चार महिने राहिलेत, कशाला पायावर धोंडा पाडून घेता? पटलंसुद्धा. लाज वाटते लिहायला, पण पटलं.

शनिवार, ९ मार्च

जेवण जात नाही. हिला सांगितलं. वाटलं, रडेल. नेहमी टोमणा मारते — जन्मभर विमानांत हवा भरलीत, दारातली सायकल मात्र बसलेलीच! आज टोमणा नाही. ताट उचलता उचलता म्हणाली, "मग सोमवारी जाताय ना सांगायला?"

सोमवार, ११ मार्च

सांगून टाकलं. अधिकाऱ्यानं मान खाली घालून लिहून घेतलं. एकदाच विचारलं, रोज असंच करता? रोज, म्हणालो.

मला घरी बसवलंय. पेन्शनचं काय, माहीत नाही. पोरगी सुटली. खांदा बरा झाला की उडणार! आज दोन घास जास्त गेले.

गुरुवार, १४ मार्च

सायकलमध्ये हवा भरली.

सोमवार, १८ मार्च

पोरगी घरी आली, हात गळ्यात बांधलेला. पुढ्यातला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी मी फेरी मारलीच नाही. तुमची सही दिसली आणि खाली माझी केली. आत्ता तेच लिहून देऊन आलेय. काय व्हायचं ते होऊ दे."

चहा तसाच निवला. निघताना दारातल्या सायकलपाशी थांबली, वाकली आणि चाक दाबून पाहिलं.