सिनेमातल्या सुताराबद्दल तक्रार

चिरंजीव दिग्दर्शकसाहेब यांस,

वडिलांचे आशीर्वाद (हवे असल्यास घ्यावेत, आग्रह नाही). तुझ्या आईचा गुडघा आणि माझा स्वभाव सोडला तर घरात दुखणं असं काही नाही. तू कसा आहेस हे चार वर्षांत कळवलं नाहीस, म्हणजे बराच असशील. तू पाठवलेली तुझ्या सिनेमाची सहा तिकिटं पोचली. सोबत चिठ्ठी नव्हती, पाकीट दोनदा झटकून पाहिलं.

आम्ही दोघं, आपल्या कारखान्यातला पॉलिशवाला आणि त्याची बायको, शिवाय हार्डवेअरचे शेठ सपत्नीक, असे सहाजण गेलो. मुलाने सुतारावर सिनेमा काढलाय, अशी मी आठवडाभर टिमकी वाजवत होतो (कुठल्या सुतारावर, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?). पाचव्या मिनिटालाच माझं डोकं फिरलं. तुझा तो नट लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारतो. असा रंधा मारला तर टवके उडतात, आणि त्याची फळी मात्र गुळगुळीत. करवत धरतो ती ब्रेड कापायला निघाल्यासारखी. हे मी सोबतच्यांच्या माहितीसाठी जरा मोठ्याने सांगत होतो, तर मागच्या रांगेतल्या बाईंनी मला दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा वेळ आली नाही. कारण तोवर पडद्यावरचा पोरगा चपलांच्या खोक्यात बल्ब लावून मित्रांना सिनेमा दाखवायला बसला होता, आणि पडदा म्हणून त्याने गिऱ्हाइकाच्या नव्या कपाटाच्या दारावर खिळे ठोकून चादर ताणली होती. तो सुतार कोण, ते मला तेव्हा कळलं.

थप्पड तू अगदी बरोबर घेतली आहेस. मित्रांच्या देखत, आणि मग खोक्यावर पाय. (हात मात्र डावा दाखवलास. मी उजव्याने मारली होती.) पॉलिशवाला त्या दिवशी ब्रश घेऊन तिथेच उभा होता. आता तो अंधारात माझ्याकडे वळून बघतोय, हे मला न बघताच कळलं. माझ्या वडिलांनी मला फूटपट्टीने बडवलं, त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही, असं मनाशी म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

पण खरी तक्रार पुढेच आहे. तुझा सुतार दुसऱ्या दिवशी मुलाला लाकडाची नवी पेटी करून देतो आणि "चुकलं माझं" म्हणतो. सगळं थिएटर मुसमुसायला लागलं. बाहेर आल्यावर शेठनी माझा हात हातात घेतला, बाप असावा तर असा, म्हणाले. वर तुमच्या एका थपडेने पोरगा दिग्दर्शक झाला, असंही म्हणाले (त्यांना दोन लहान नातू आहेत, म्हणून मी घाईघाईने सांगितलं की थपडेने तो दिग्दर्शक झाला नाही, फक्त घरापासून लांब गेला). बाकीचं कौतुक मात्र मी निमूटपणे पदरात पाडून घेतलं. घरी आल्यावर तुझी आई कुलूप उघडताना म्हणाली, "ते कधी म्हणालात हो तुम्ही?" मी चपला काढत राहिलो. मी पेटी केली नव्हती, काही बोललोही नव्हतो. उलट दुसऱ्या दिवशी ते खिळे तुलाच उपटायला लावले होते. तेवीस वर्षं झाली. मला त्याचं वाईट वाटतं, आणि आता जास्तच वाटतं, कारण माझ्या वाटचं बोलणंसुद्धा तुलाच लिहावं लागलं.

तुझा,
बाबा

ता. क. पुढच्या सिनेमात सुतार असेल तर मला बोलाव. त्या नटाला रंधा धरायला शिकवीन. दोन वेळचं जेवण पुरे.

ता. क. २ हे पत्र तुझ्या आईने वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाली, एवढं खरडलंत, पण जे लिहायला बसलात ते कुठे आहे? तर ते असं : माझं चुकलं. सिनेमातला मुलगा हे ऐकल्याबरोबर बापाच्या गळ्यात पडतो. तू एवढी घाई करू नकोस. फक्त फार उशीरही करू नकोस, मला आता एकोणसत्तरावं चालू आहे.