लोखंडाचा पापुद्रा

आबा, लोखंडाला पापुद्रा असतो. तुम्हीच सांगितलेली गोष्ट तुम्हालाच सांगायला मी बसलोय, आणि तीही तुम्ही जाऊन तीस वर्षं उलटल्यावर. गेल्या महिन्यात एका सभेत मला शाल घातली. पोलादी इमारतींच्या जोडांवर जन्मभर संशोधन केलं म्हणून. जाड प्लेट वेल्डच्या खाली थराथरानं का फाटते, हे आपल्याकडच्या कारखानदारांना समजावून सांगणाऱ्या पहिल्या काही माणसांत मी होतो, असं तिथल्या बाई माइकवरून म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. घरी आल्यावर शाल खुर्चीवर टाकली आणि तुमची आठवण येऊन मला रडू नाही आलं, राग आला. आधी तुमचा, मग कॉलेजातल्या माझ्या सरांचा. माझा राग येईपर्यंत पहाट झाली होती.

सत्तरीच्या दशकातली ती वर्षं. उंब्रजला हमरस्त्याला लागून आपलं दुकान होतं. वर पत्रा, तीन बाजू उघड्या. फौजेत वेल्डिंग शिकून आलेला माणूस म्हणून तालुक्यात तुमचं नाव होतं. उसाच्या ट्रॉल्या, नांगर, बैलगाडीचे आस, सगळं तुमच्याकडे यायचं. त्याच सुमारास एका साखर कारखान्याची नवी शेड उभी राहायची होती. मोळ्या उचलणारी क्रेन ज्या रुळांवरून फिरणार, ते रूळ खांबांना जोडलेल्या ब्रॅकेटांवर बसणार. तोवर असले जोड रिव्हेट मारून व्हायचे. आता ते वेल्डिंगनं करावेत का, आणि आपल्याकडच्या माणसांच्या हातून ते टिकतील का, हा आमच्या सरांच्या संशोधनाचा विषय होता. मी त्यांच्या हाताखाली पुढचं शिक्षण घेत होतो. शेडच्या ठेकेदाराला त्या अहवालाची घाई होती, आणि ठेकेदाराच्या मनात ब्रॅकेटांचं काम तुम्हालाच द्यायचं होतं. सर म्हणाले, नमुने इथल्याच वेल्डरकडून करून घेऊ. मी छाती काढून म्हणालो, माझे वडील करतील.

तुम्ही तीन दिवस कॉलेजात आलात. फौजेतला तो खाकी शर्ट आईकडून धुऊन, कडक वाळवून घेतला होतात. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, त्याचा काही दोष नव्हता. प्रत्येक प्लेटवर आधी तुम्ही लहान हातोडीनं टकटक करायचा आणि कान जवळ न्यायचा. माझ्या वर्गातली पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. सहा जाड प्लेटा होत्या. त्यांतल्या दोन तुम्ही बाजूला काढल्यात.

"ह्या दोन बद्द वाजत्यात. ह्यांच्यावर उभी पट्टी लावून वर वढू नगा."

सर म्हणाले, एकाच गाडीतून एकाच दिवशी आलेला माल आहे, मिस्त्री, तुम्ही जोड द्या. तुम्ही दिलात. तुमचे जोड किती सुरेख असत, आबा. गार झाल्यावर वरची खपली एका ठोक्यात सबंध निघायची आणि खाली सारख्या अंतराच्या लाटा. मी कित्येक देशांतले वेल्ड पाहिले नंतर. तेवढे देखणे थोडेच.

चार नमुन्यांनी मशीनवरचा ताण व्यवस्थित सोसला. बद्द वाजणारे दोन्ही निम्म्या ताणावरच तुटले. आवाज झाला, सगळे मागे सरले, आणि तुम्ही एकटे पुढे जाऊन तो तुकडा उचललात. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवलात. आत पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या, फळी चिरफाळावी तशा.

"जोड कुटं सुटलाय, सायेब? जोड हाय तसाच हाय. खालच्या लोखंडाचा पापुद्रा निघालाय."

"मिस्त्री, पापुद्रा भाकरीला असतो," सर म्हणाले.

सगळी प्रयोगशाळा हसली. मी पण हसलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. तुम्ही तो तुकडा पिशवीत घातलात आणि यष्टीला गेलात. मागच्या गाडीनं मीही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही आत आलात आणि स्टोव्हसाठी ठेवलेल्या बाटलीतलं रॉकेल मागितलंत. आई कुरकुरली, रॉकेल आधीच मिळत नव्हतं. तुम्ही त्या तुकड्याची कड कानशीनं घासून आरशासारखी केली होतीत. तिच्यावर रॉकेल ओतलंत, थोडा वेळ थांबलात, फडक्यानं कोरडं पुसलंत आणि वरून शाळेचा खडू चोळलात. आपण तिघं बघत बसलो. हळूहळू पांढऱ्या खडूवर ओल्या बारीक रेघा उमटायला लागल्या, एकीखाली एक, सगळ्या आडव्या. वेल्डमध्ये एकही नाही. सगळ्या प्लेटच्या पोटात. मग तुम्ही तव्यावरची फुगलेली भाकरी घेतलीत. तिचा वरचा पापुद्रा बोटांत धरून आडवा ओढलात, तो निघेना. वर उचललात, तर हलकेच सुटून आला.

"असं हाय बग हे," तुम्ही म्हणालात. "आडवं कितीबी वढ, लोखंड दम धरतंय. वर उचाललं की संपलं. ह्याला आदी मऊ रॉडचा एक थर द्याचा, आन् त्या थरावर जोड धराचा. मंग वढ त्यो थर खातोय, प्लेटीला झोंबत न्हाई. जा, सरास्नी सांग."

मी हो म्हणालो. ती भाकरी तुम्ही मला खायला दिलीत.

सांगलीला जाऊन तुम्ही मला स्लाइड रूल, हिशोबाची सरकती पट्टी, आणून दिला होतात, शिक्षणाच्या सुरुवातीला. दुकानदाराला कसं काय सांगितलंत देव जाणे. मी त्या पट्टीवर तुमच्याच एका जोडाचा हिशोब मांडून तो जास्त जाड आहे असं तुम्हाला सुनावलं, तेव्हा तुम्ही एकदाच तापला होतात. "त्या पट्टीवर दिसतंय ते बी बग, आन् म्होरं पडलंय ते बी बग," म्हणाला होतात. तेवढंच काय ते तुमचं रागावणं.

अहवालात दोन नमुने वगळले गेले. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत एक वाक्य आलं: वेल्डरच्या कारागिरीतील दोष. सरांनी ते सांगितलं आणि मी माझ्या सुंदर अक्षरात लिहून काढलं. अहवाल घरी आणला तेव्हा तुम्ही विचारलंत, आमच्याबद्दल काय लिवलंय. मी म्हणालो, चार नमुने पास झाले असं लिहिलंय. खोटं नव्हतं ते. तुम्हाला मराठी छान वाचता यायचं, इंग्रजी नाही, याचा मला त्या दिवशी आधार वाटला.

ब्रॅकेटांचं काम सांगलीच्या एका वेल्डरला गेलं. त्याच प्लेटा, त्याच रेघा. उभारणीच्या आधीच त्याचेही दोन जोड फाटले, म्हणून त्यालाही घालवला, आणि शेवटी सगळ्या ब्रॅकेटांना आरपार बोल्ट मारले. लोखंडाकडे कुणी बघितलं नाही, माणसं बदलत राहिली. ठेकेदार नंतर उंब्रजला आपल्या दुकानात येऊन गेला, आणि अहवालातलं ते वाक्य त्यानं तुम्हाला मराठीत सांगितलं. तुमच्याच पोराचं अक्षर आहे, हेही. हे मला आईनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर. तुम्ही मला कधीच काही बोलला नाहीत. वडूजच्या बाजूला विहिरींच्या इंजिनांची डागडुजी करत हिंडलात, मोठं काम परत कुणी दिलं नाही, आणि मी सुट्टीला आलो की स्लाइड रूल बरा चालतोय का, एवढं विचारायचात. आबा, एक थोबाडीत दिली असतीत तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. तुमच्या त्या गप्प बसण्यानं मला जितका त्रास दिला तितका दुसऱ्या कशानंच दिला नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

पुढं परदेशातले निबंध हाती आले. पोलाद लाटताना त्यातली घाण चपटी होऊन थरात बसते, आणि वेल्ड आकसताना प्लेटला जाडीच्या दिशेनं ओढतो, तेव्हा ती थरातून फाटते. दोष वेल्डरचा नसतो. उपाय म्हणून आधी मऊ वेल्डचा थर द्यावा. मी ते वाचलं तेव्हा माझ्या तोंडात भाकरीची चव आली. आता असल्या प्लेटा जाडीच्या दिशेनं ओढून तपासून घेतात, ध्वनिलहरींनी आत पाहतात, जोडाची रचनाच अशी करतात की ओढ थरांवर येऊ नये. उंच इमारती त्यावर उभ्या आहेत. तुमचा कान आणि हातोडी आता पेटीएवढ्या यंत्रात आहे. यावर मी पुष्कळ लिहिलं आणि प्रत्येक वेळी शेवटी सरांचे आभार मानले. तुमचे मानले असते तर का, ते सांगावं लागलं असतं.

हे पत्र आता कपाटात शालीच्या घडीत जाईल, दुसरीकडे कुठं जाणार. फक्त वर एका ठिकाणी मी तुमच्याशीही खोटं लिहिलंय, ते तेवढं दुरुस्त करतो. सरांनी ते वाक्य सांगितलं नव्हतं. त्यांनी कारणाचा रकाना कोरा ठेवून कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "तुझे वडील घरी काही म्हणाले का रे यावर?" ते हसले होते म्हणून त्यांना रात्रभर रुखरुख लागली असावी. मी म्हणालो, "नाही, सर. त्यांना काय कळतंय त्यातलं." मग पेन उघडलं. ते वाक्य माझं आहे, आबा.