केसासारखी रेघ

३ जून
छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून रुजू झाले. या वयात नवी नोकरी, म्हणून लेक सकाळपासून चिडवत होती, की आई, डबा संपवून ये हं, आणि मालकांच्याच चुका काढू नकोस. मालकांनी आल्याआल्या आपला लाडका टाइप दाखवला. तिरकी रोमन अक्षरं, उतरती रेघ भरदार, चढती केसासारखी. शाळेत सिस्टर निबनं अशीच गिरवून घ्यायच्या. चढती रेघ जाड झाली की बोटांवर पट्टी. डोळे भरून आले. आमंत्रणं, अत्तराची लेबलं, मासिकांची शीर्षकं यात होतात. पानभर मजकूर घातला तर डोळे शिणतात, पण एकच नाव लिहायचं तर ते यातच. नव्या माणसाचं नाव या टाइपाच्या खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत, जुळवून छापायची इथे रीत आहे. माझंही छापलं. इतकी देखणी मी कधी दिसले नव्हते.

७ जून
लेकीची लग्नपत्रिका याच टाइपात हवी, असं मीच मालकांना म्हटलं. माझ्याकडून भेट समजा, म्हणाले. लेक म्हणते, तुला जावयापेक्षा अक्षरंच जास्त आवडलीत.

१२ जून
भुवया विरळ झाल्यात. तळहातावरच्या रेषा दिसेनात. चष्मा पुसला, हात उजेडात धरला. कोरा. लिहितानाही चढती रेघ उमटत नाही. निब बदलून पाहिली.

१४ जून
खिळे जुळवणाऱ्या काकांना सहज विचारलं, शिशाची इतकी नाजूक रेघ दाबाखाली तुटत कशी नाही? म्हणाले, तुटते की, बाई. तुटली की मालक नवं नाव छापतात, मग ती भरून येते. माणसातलं जे जे बारीक, ते त्या रेघेत जातं. तुमच्या जागेवर पूर्वी होत्या त्या बाईंचा आधी आवाज विरला, मग त्याच. खुर्चीवर नुसती शाल उरली. जुळवणारा हवा म्हणून मला तेवढं सोडलंय. मी विचारलं, इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसलात? तर म्हणाले, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात.

१५ जून
मालकांना तोंडावर विचारलं. नाकारलंसुद्धा नाही. चहा ढवळत म्हणाले, तुमचं आटत आलंय, लेक तरुण आहे, पुष्कळ पुरेल. पत्रिका उद्या छापतोय — आणि मागितलीत तुम्हीच.
लेकीचं नाव मी ठेवलंय. त्याच्या बापाची मिळकत नाही.

१६ जून
मालकांच्या आधी आले. काकांनी दार उघडलं. मोडके खिळे वितळवायची कढई तापलीय. पत्रिकेसाठी जुळवून ठेवलेलं लेकीचं नाव पहिलं टाकलं. मग माझं. काका म्हणाले, बाई, त्यात तुम्हीही आहात. माहीत आहे मला. खिळ्यांच्या पेटीतला एकेक खाना ओततेय —
बोटं दिसत नाहीत, पेन मात्र धरलंय —
जिन्यावर मालकांची पावलं. येऊ दे. काका दाराला टेकून उभे आहेत —
शेवटचा खाना. हा गेला की माझ्या लेकीला तो —