मनाने लिहिलेला आकडा

तीर्थरूप आईस, लांबूनच पाया पडते.

मी ठणठणीत आहे, आधी तेच सांगते. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना दादाचा हात धरतेस ना?

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलं माझं काम तुला माहीतच आहे. चिकन शिजलं की मधोमध थर्मामीटर खुपसायचा आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. पंचाहत्तर अंशांच्या खाली असेल तर ते वॉर्डात जात नाही.

मागच्या मंगळवारी थर्मामीटर बंद पडला. जेवणाला उशीर होत होता. मुख्य आचारी म्हणाले, “अगं, रोज तेवढाच येतो. लिहून टाक पंचाहत्तर.” मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सात पेशंटना उलट्या सुरू झाल्या. त्यातल्या एक आजी तुझ्याच वयाच्या. चौकशीला आलेल्या बाई रजिस्टर बघून म्हणाल्या, “जेवण ठीक दिसतंय. पाण्यातच काहीतरी असेल.” मला राहवलं नाही. म्हटलं, “बाई, तो आकडा मी मनाने लिहिलाय.”

आता मला भांडी घासायला लावलंय. माझ्या हातून एक पातेलं धड निघत नाही म्हणायचीस ना? आता येऊन बघ. आचारी माझ्याशी बोलत नाहीत.

सगळे बरे झाले, आजीही काल घरी गेल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या पिशवी उचलून चालू लागल्या. त्यांचं बरोबरच आहे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. नाही, सांगच. लपवलेलं मला आता पेलत नाही.

तुझी,
धाकटी