जुन्या नळ्यांतले कंडेन्सर

दादा,

दिंडोरीच्या त्या बागायतदाराचा रेडिओ आता माझ्या टेबलावर आहे. काल तो स्वतःच घेऊन आला. "म्हाताऱ्याच्या खोलीला रंग द्यायचा हाय, ताई. टाकवत बी नाय. तुम्हीच ठेवा," म्हणाला. एवढ्या वर्षांनी हा माणूस आपणहून काही देतोय, म्हणजे यात नक्कीच काहीतरी असणार, असं मला वाटलं. अंबडच्या कारखान्यात माल तपासून तपासून माझा स्वभाव असा झालाय म्हणतात. मला विचाराल तर तो त्याआधीच झाला होता, तुमची लेक म्हणून तुमच्या दुकानात वावरताना.

त्याच्या वडिलांनी तुम्हाला बजावलं होतं, रेडिओची घरघर घालवा, पण मागचं झाकण काढल्यावर आत एकही नवी वस्तू दिसता कामा नये. मग घरघरीला कारण असलेले जुने कंडेन्सर तुम्ही एकेक करून सोडवलेत, त्यांच्या मेणकागदाच्या नळ्या गरम करून आतला गाभा ओढून काढलात, तिथे नवे बारके कंडेन्सर बसवलेत आणि तोंडं पुन्हा मेणाने बंद केलीत. म्हणजे, तसं तुम्ही सांगितलंत. मी तेव्हा कॉलेजात होते, ते करताना मी काही पाहिलं नव्हतं. वर्षभराने म्हातारे गेले, रेडिओ मुका झाला, आणि मुलगा तणतणत मेन रोडमागच्या आपल्या दुकानात आला. "समदे जुनेच हायेत की! काय बदललं तुम्ही? म्हाताऱ्याला येडं बनवलं का?"

"नवे आत आहेत," तुम्ही म्हणालात.

"मग एक कापून दाखवा."

"माझ्या हातचं काम मी कापणार नाही."

तो रेडिओ उचलून घेऊन गेला आणि गावभर बोलत सुटला. दिंडोरीकडचं एकही गिऱ्हाईक नंतर आपल्याकडे फिरकलं नाही.

त्याच आठवड्यातली एक दुपार. तुम्ही जेवायला बसला आहात, आई तव्यावरची भाकरी उलटतेय, आणि मी विचारते, "दादा, एक कापला असता तर काय बिघडलं असतं?" तुम्ही माझ्याकडे बघता. "तुलाही कापूनच बघायचंय?" मी नाही म्हणत नाही. तुम्ही ताटावरून उठता. त्यानंतर हा विषय आपल्यात कधी निघाला नाही, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे, हे तुम्ही जाईपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही. कारण तो नव्हता.

आज सकाळी मी झाकण काढलं. मुका होण्याचं कारण लगेच सापडलं, एका व्हॉल्व्हच्या पायांना गंज चढला होता. तुमच्या कामाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी मी चाकू घेतला आणि एक तपकिरी नळी उभी चिरली. आत पिवळा, नवा कंडेन्सर होता. हलू नये म्हणून तुम्ही त्याच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळली होती. मला रडू आलं. चुकले, दादा.

इथेच थांबले असते तर शहाणी मुलगी ठरले असते. पण हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. मी डोळे पुसले, चहा करून प्यायले, आणि मनात आलं, कोणी कापलाच तर दाखवायला एकाच नळीत नवा घातला असेल. मग दुसरी चिरली. मग तिसरी. सगळ्यांत नवे होते, दादा, अकराच्या अकरा नळ्यांत. तुमच्या हातची एकही नळी आता शाबूत नाही.