वेत्तेनियसची चाल

मी, ऑलस पेरेल्लियस, मूळचा अँकोना बंदराचा, वय बावीस-तेवीस, धंदा लोकांच्या नकला करणे, राहणार रोम, सुबुरा मोहल्ला, न्युमिसियस परटाचा माळा, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मी प्यालेलो नाही. न्युमिसियसने तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे.

लिहायचं कारण असं. मोठा माणूस मेला की त्याचा मेणाचा मुखवटा घालून, त्याच्याच चालीने, एक नकलाकार अंत्ययात्रेत चालतो. सेनापती मुर्कस वेत्तेनियसने ते काम मला दिलं होतं. गेल्या महिन्यात त्याच्याच सोबत्यांनी त्याला हमामात भोसकलं. मग सिनेटचा ठराव झाला: तो देशाचा वैरी, पुतळे पाडा, अंत्ययात्रा नाही, मुखवटा नाही. मी मात्र शब्द दिला होता. उद्या सकाळी मी फोरमच्या भर चौकातून त्याच्या चालीने चालणार. परत येईनसं वाटत नाही.

माझा वारस न्युमिसियस. अंथरूण, पितळी दिवा, दोन अंगरखे त्याचे. बाप कुठे जिवंत असला तर त्याला काही नाही. अँकोनाच्या धक्क्यावर मला सोडून जहाजात चढला तो चढलाच. (तिथली शिंपली मात्र खावीत. असो.)

फुटकी बासरी नाटकमंडळीच्या मालकाला, फिलार्गसला. त्याने माझ्या नकलेवर पोट भरलं आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यात झोपवलं.

आता सेनापतीचा जुना लष्करी झगा. त्याच्या विजययात्रेत शिपाई रिवाजाप्रमाणे त्याला चिडवत होते, "खेचरं लपवा रे, मालक आले!" त्याचा बाप फौजेला खेचरं पुरवणारा ना. मी रथामागे त्याच्यासारखा लंगडत गेलो. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. वाटलं, फटके.

"लंगडतोस चुकीचं," तो म्हणाला. "इलिरियाच्या लढाईत भाला डाव्या मांडीत घुसला. आणि खांदे पाड, गाढवा. खेचरवाल्याचा पोरगा आहे मी, राजा नव्हे."

पुढे कॉन्सल होऊन राज्य चालवू लागला तसे हात पाठीमागे जाऊ लागले. शेवटच्या वर्षी सारखा मागे वळून बघायचा. तेही मी शिकलो. सरावाला झगा दिला तो तेव्हाच.

मुखवटा मागायला मी त्याच्या विधवेकडे, ओफिल्लियाबाईंकडे गेलो होतो.

"कुठला मुखवटा? मुखवट्यांच्या कपाटात आता कांदे आहेत," त्या दारातूनच म्हणाल्या. "जा बाबा, मला मुलं आहेत."

तरी उद्या माझ्या अंगावरचा झगा उरला तर त्यांनाच द्यावा. त्या थंडीने कुडकुडत होत्या.

न्युमिसियस म्हणाला, "मुखवट्याशिवाय कोण ओळखणार तुला?"

"चालीवरून ओळखतील. ठरावात मुखवटा लिहिलाय, चाल नाही."

"शिपाई आधी भोसकेल रे, ठराव मग वाचेल."

शेवटचं. माझ्या चितेपुढे नकलाकार नको. न्युमिसियस म्हणाला, बरं, तुझी चाल दाखव, लक्षात ठेवतो. मी त्याच्या कपडे धुण्याच्या हौदापासून दारापर्यंत चाललो. "हा फिलार्गस," तो म्हणाला. परत चाललो. "हा सेनापती." तिसऱ्यांदा पाय उचलला आणि तसाच उभा राहिलो.

"मग मी रडायचं कुणासाठी?" त्याने विचारलं.

कुणाचंही नाव घे, पण रड. ही माझी अट समजावी.

साक्षीदार: टायटस सेप्पियस, पाववाला. डेकिमस आवियानस, न्हावी. बाकी पाच जणांनी अंगठीचा ठसा दिला, नाव लिहू नको म्हणाले.

सही: ऑलस पेरेल्लियस
रोम, नोव्हेंबरचा पहिला दिवस