कायमचा पत्ता

३ जून
नोकरीचा पहिला आठवडा संपला. नेटवर्क असिस्टंट, सध्या प्रोबेशनवर. कायम झाले की घरातली पहिली पदवी सार्थकी लागेल. टेबल अजून मिळालेलं नाही. अकाउंटंट बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, जिथे जागा दिसेल तिथे बस गं. सगळे हसले. मीही हसले, पण मनात नोंद ठेवली आहे. आई म्हणते, एवढं शिकलीस आणि बसायला टेबल नाही?

५ जून
इथे कॉम्प्युटरचीही तीच गत. बाई संध्याकाळी सर्वांत शेवटी निघतात आणि मेन स्विच पाडतात, राउटरसकट. वीज वाचते म्हणे. सकाळी राउटर काल कोणाला काय दिलं ते विसरून उठतो (घातलेले नियम तेवढे लक्षात ठेवतो) आणि जो जसा येईल त्याला तसा पुढचा मोकळा पत्ता, म्हणजे एक नंबर, देतो. याला डायनॅमिक म्हणतात. बाबांनी आम्हाला भाड्याच्या खोल्यांतून फिरवलं, तेही डायनॅमिकच.
ठरवलं. माझा पत्ता स्टॅटिक. एक नंबर राउटरचा, दोन माझा. राउटरला न विचारता, स्वतःच्या हाताने माझ्या लॅपटॉपमध्ये टाकला. आमच्या घराण्यातला पहिला कायमचा पत्ता. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मग टपाल तिथेच मागवू का?

६ जून
नेट सारखं तुटतंय. स्क्रीनवर संदेश: हा पत्ता दुसरं कोणीतरी वापरत आहे. राउटरमध्ये शिरून पाहिलं. दोन नंबरवर अकाउंट्सचा कॉम्प्युटर.
टेबल दिलं नाही ते नाहीच, आता पत्त्यावरही डोळा.

७ जून
बाईंना आडून विचारलं, तुमचा नंबर काय? म्हणाल्या, चष्म्याचा? डाव्या डोळ्याचा वाढलाय बघ. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मुरलेली बाई आहे.
या रोज सगळ्यांच्या आधी ऑफिसात का येतात, ते आता कळलं. पहिल्या येतात आणि दोन नंबर बळकावतात.

९ जून
योजना तयार. उद्या सर्वांत आधी मी. दोनवर मी आधीच बसलेली दिसले की पुढच्या माणसाला, म्हणजे बाईंना, राउटर तीन देणार. तीन नंबरवर आधीच बंदी घालून ठेवायची. दिवसभर बसू देत चष्मा पुसत. हा सूड नाही. शिस्त आहे.
(थोडा सूड आहे.)

१० जून, शनिवार
पहिली पोचले. बंदी घातली. बाईंचा फोन आला, सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, उशीर होईल. मग दुसरे कोण आले, तर साहेब. तीन नंबर त्यांना.
साहेबांचं टेंडर दुपारपर्यंत जायचं होतं. जाईना. साहेब लालबुंद. माझ्याच खुर्चीमागे येऊन उभे राहिले, त्यामुळे बंदी काढता आली नाही. शेवटी, या ऑफिसच्या नेटवर भरवसाच नको म्हणून, फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ड्रायव्हर दवाखान्यात गेला आणि टेंडर बाईंनी तिथल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून पाठवलं. इथेही मिरवणं आलंच.
साहेब म्हणाले, नेटवर्कशी कोण खेळतंय ते शोध. ज्या दिवशी नाव देशील त्या दिवशी तू कायम.
नाव माझ्याकडे तयार आहे.

१२ जून
सकाळी ऑफिसात बाई आणि मी दोघीच. बाईंच्या नावाचा रिपोर्ट पाठवायला गेले तर माझं नेट पुन्हा बंद. बाई म्हणाल्या, माझ्यावरून पाठव, आणि खुर्चीतून उठल्या. त्यांच्या स्क्रीनवर तोच संदेश: हा पत्ता दुसरं कोणीतरी वापरत आहे.
बाई म्हणाल्या, मागच्या आठवड्यापासून रोज येतंय गं हे. साहेबांना बोलले नाही. म्हटलं पोर नवी आहे, उगाच तिच्यावर ढकलतील.
मग त्यांनी शेजारचं टेबल दाखवलं. नवं, वार्निशचा वास येणारं. म्हणाल्या, तू रुजू झालीस त्याच दिवशी साहेबांच्या मागे लागले होते, सुतार आज उगवला. भिंतीपाशी तू बस, वारा चांगला येतो.
रिपोर्ट पुसला. पत्ता पुन्हा ऑटोमॅटिक केला. नम्रपणे, इतरांसारखा, राउटर देईल तो.
त्याने तीन दिला. बंदी काढायची राहूनच गेली होती.
तेवढ्यात साहेबांनी आल्या आल्या विचारलं, चोर सापडला का? माझ्याआधी बाईच म्हणाल्या, सापडेल हो, पोरगी हुशार आहे.